हजेरीपटावरची नावे

आषाढ लागला की पुण्या-मुंबईचा लोंढा लोणावळ्याकडे वळतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि वाहनांच्या रांगा दूरवर लागतात. त्याच रस्त्याने धरणाच्या पुढे गेले की एक फाटक दिसते. त्यावर छत्रपतींचे नाव आहे, ‘आयएनएस शिवाजी’. रांगेत अडकलेल्या शंभरांतील नव्वद जणांना ते नाव वाचून एवढेच वाटते की येथे काहीतरी लष्करी असावे. सागरापासून दूर, घाटमाथ्यावर, चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात भारतीय नौदलाची यंत्रविद्या घडते, हे मावळाबाहेर तर सोडाच, मावळातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

१५ फेब्रुवारी १९४५ रोजी ही संस्था सुरू झाली. सत्ता इंग्रजांची होती आणि त्यांनीच संस्थेला शिवरायांचे नाव दिले. येथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, वडगाव येथे, जानेवारी १७७९ मध्ये याच इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांपुढे हात टेकून तह करावा लागला होता. नाव देणाऱ्याला तो इतिहास आठवला असेल काय, कोण जाणे! पुढे देश स्वतंत्र झाला, नाव तेच राहिले. जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम करणाऱ्या नौसैनिकांच्या आणि अभियंता अधिकाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या येथून बाहेर पडल्या. २०२० च्या फेब्रुवारीत, संस्थेच्या अमृतमहोत्सवात, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी या संस्थेला राष्ट्रपतींचा ध्वज प्रदान केला.

या संस्थेतून शिकून, सेवा बजावून निवृत्त झालेली माणसे पुन्हा लोणावळ्याला येतात. कधी पंचवीस वर्षांनी, कधी चाळीस, क्वचित पन्नास वर्षांनी. एका तुकडीचे स्नेहसंमेलन म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम, सपत्निक भोजन, जुन्या कर्मशाळेला भेट, संचलन मैदानावर रांगेने उभे राहून काढलेले छायाचित्र आणि परतताना चिक्कीचे पुडे. बाहेरून पाहणाऱ्याला ही निवृत्तांची सहल वाटते. काही वेळा ती तेवढीच असते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु या भेटीगाठींमागे एक गरज आहे, आणि ती भूदलाच्या सैनिकापेक्षा नौसैनिकाला अधिक तीव्रतेने जाणवते. तिचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान निवृत्त होऊन सातारा-कोल्हापूरकडच्या आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्या पलटणीतील दोघे-चौघे त्याच पंचक्रोशीत असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ असेच जोडतात. तेथे सैनिकाला आपली गोष्ट सांगण्यासाठी संमेलन भरवावे लागत नाही. गावची जत्रा हेच त्याचे संमेलन. नौदलात मात्र प्रदेशवार पलटणी नाहीत. एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये केरळचा, पंजाबचा, बंगालचा, बिहारचा आणि आपल्या मावळातला मुलगा खांद्याला खांदा लावून उभा असतो. पंधरा-वीस वर्षांनी जहाज सुटते आणि प्रत्येकजण आपापल्या गावी एकटा पोहोचतो. नाणे मावळातल्या एखाद्या वाडीत नौदलातून आलेला तो एकच असतो. बॉयलर म्हणजे काय, भर समुद्रात वाफ गळू लागली म्हणजे काय होते, हे तो कोणाला सांगणार? घरच्यांना वाटते की साहेबांनी जग पाहिले, बंदरे हिंडली. इंजिनरूममधल्या माणसाने जगाचा किती भाग पाहिला असेल, हे इंजिनरूममधलाच जाणतो.

म्हणून हे लोक भेटतात. पंधरा-सोळा वर्षांची मुले म्हणून आर्टिफिसर होण्यासाठी या डोंगरात आलेले, कानस आणि लेथवर हात घासत सुमारे चार वर्षे शिकलेले, परस्परांची भाषा येत नसताना मोडक्या हिंदीत भांडलेले हे सोबती साठीच्या, सत्तरीच्या घरात पुन्हा एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे पुष्कळ ऐकू येतात. ती प्रत्यक्ष नांदताना पाहायची असेल तर अशा एखाद्या संमेलनातील भोजनाची पंगत पाहावी.

या पंगतीत जे बोलले जाते ते ऐकण्यासारखे असते. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू नौकेचे एक उदाहरण घ्या. तिच्या बॉयलरला तडे गेले होते. पूर्ण वेग घेणे अशक्य होते आणि ही नौका युद्धात उतरवावी की नाही, असा प्रश्न होता. पोलादी पट्टे आवळून बॉयलरला आधार देण्यात आला आणि विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढविले. इतिहासाच्या पुस्तकात विमाने येतात, वैमानिकांची नावे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण डेकच्या कितीतरी खाली, असह्य उष्म्यात, त्या पट्टे बांधलेल्या बॉयलरकडे डोळे लावून पहारा करणारी माणसे कोण होती? त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या सोबत्यांना माहीत आहेत.

ती नौका आता नाही. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवामुक्त झाली, काही काळ संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली आणि २०१४ नंतर मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज कंपनीने आपल्या मोटारसायकलींत वापरला, म्हणजे विक्रांतचे चार तुकडे आजही आपल्या रस्त्यांवर धावत असतील! २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी विक्रांत नौदलात आली आणि त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावरचा इंग्रजी क्रॉस जाऊन तेथे शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. नावही परतले, निशाणही आपले झाले. परंतु जुन्या नौकेचा जो भाग पोलादाचा नव्हता, तो केवळ माणसांच्या स्मरणात शिल्लक आहे आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

संमेलनातील सर्वांत गंभीर क्षण असतो दिवंगतांची नावे वाचण्याचा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्यास नकार दिला. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले आणि त्यांचे नाव देशाच्या ओठांवर राहिले, ते योग्यच झाले. उरलेल्या नावांचे काय? दीवच्या स्मारकावर जाणारा पर्यटक ती वाचतो आणि विसरतो. ज्याने त्यांतील एखाद्याबरोबर लोणावळ्याच्या पावसात एका खोलीत दिवस काढले, तो विसरत नाही. नाव पुकारले जाते, उत्तर येत नाही, आणि बाकीचे सावधान स्थितीत उभे राहतात. हजेरीपट अशा रीतीने पन्नास वर्षे चालू ठेवणे हे काही करमणुकीचे काम नव्हे.

आपल्या समाजाला हे नवे नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी गावांत देवळाबाहेर वीरगळ उभे आहेत. खाली झुंज, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य तोवर याची आठवण, असा त्या शिळेचा करार आहे. बारा मावळांपैकी हिरडस मावळचे बांदल १६६० मध्ये घोडखिंडीत उभे राहिले. त्यांच्या बलिदानानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान महाराजांनी बांदलांना दिला आणि तो ज्यांचा होता त्या जेध्यांनी आनंदाने सोडला, असे परंपरा सांगते. गेलेल्यांच्या घराण्याला दरबारात पहिल्या क्रमांकाने पुकारायचे! हजेरीपटाची ही आपली रीत आहे. आज त्याच वीरगळांवर गावोगाव शेंदूर फासला जातो किंवा त्यांच्यावर कपडे धुतले जातात, याचे दुःख वेगळे.

पण केवळ स्मरण पुरेसे नाही. संमेलनाचे खरे मोल संमेलन संपल्यावर कळते. निवृत्त नौसैनिक वारला की त्याच्या पत्नीपुढे कागदांचा डोंगर उभा राहतो. सेवापुस्तकात तिचे नाव माहेरचे, आधारपत्रात सासरचे. जन्मतारीख एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिची नोंदच नाही. नौसैनिकांचे दप्तर मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये, ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’ या कार्यालयात. निवृत्तिवेतनाचा कारभार आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर. अंदर मावळातील एखाद्या गावच्या साठीच्या विधवेने हे कसे निभवावे? सैनिक कल्याण कार्यालये आहेत, ती आपापल्या परीने मदतही करतात. तथापि कोणता अर्ज, कोणत्या क्रमाने, कोणत्या साक्षीने करायचा, हे जाणणारा आणि तिला ‘वहिनी’ म्हणून हाक मारणारा माणूस सोबत असणे, हे कोणत्याही कार्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तो माणूस संमेलनाच्या यादीतून येतो. ज्या तुकडीची यादी अद्ययावत आहे, तिच्यातील सोबत्यांना दूरध्वनी करायला आठवडा लागत नाही. जिची यादी विस्कटली, तिच्यातील एखाद्याचे जाणे सोबत्यांना वर्ष-वर्ष कळत नाही.

येथेच या संमेलनांवर टीकाही केली पाहिजे. ती फार बंदिस्त झाली आहेत. तुकडी आपली, बोलणे आपले, मुक्काम लोणावळ्याच्या एखाद्या महागड्या विश्रामगृहात. ज्याला तो खर्च परवडत नाही तो आपण होऊन दूर राहतो आणि बहुधा मदतीची गरज त्यालाच असते. दिवंगत सोबत्याच्या पत्नीला बोलावणे जाते, पण आपण तेथे जाऊन काय करायचे, या संकोचाने ती येत नाही. तिला कोणी घ्यायला जात नाही. व्हॉट्सअॅपवर सकाळी सुविचार आणि सायंकाळी राजकारण यांची देवघेव होते. परंतु ‘विक्रांत’च्या बॉयलरची हकीकत मराठीत लिहून ठेवावी, असे मनात येणारे विरळा. सेनाधिकाऱ्यांनी आत्मचरित्रे लिहिली, बहुतेक इंग्रजीत. मराठीत नौसैनिकाने, इंजिनरूममधल्या माणसाने लिहिलेले किती? वीरगळ कोरणारा शिल्पी लढणारा नसे. ते काम गावाने करायचे असते. आपण वर्गणी काढून कमानी उभारतो. सत्तरी ओलांडलेल्या एका माणसासमोर ध्वनिमुद्रक ठेवून दोन तास बसायला आपल्याला सवड नसते.

आणखी एक प्रश्न दारात येऊन उभा आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती येथे करावयाची नाही. वस्तुस्थिती अशी की चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम सेवेत घेतले जातील, बाकीचे परततील. नौदलाची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये ओडिशातील आयएनएस चिल्का येथे दाखल झाली. तिची चार वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात. परतणाऱ्यांना सेवानिधी मिळेल. निवृत्तिवेतन नाही आणि योजनेच्या नियमांनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या याद्यांवर माजी सैनिकांची सारी व्यवस्था उभी आहे, त्यांत या मुलांचे नाव असणार नाही. यादीबाहेर पडलेल्या सैनिकाचे काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वर नाविकांचा उठाव झाला. त्यानंतर चारशेहून अधिक नाविकांना काढून टाकले गेले आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. त्यांना न जहाज उरले, न तुकडी. देशासाठी उठलेली ती मुले आपापल्या गावी एकेकटी म्हातारी झाली.

अग्निवीरांची तुलना त्यांच्याशी करणे बरोबर नव्हे. ही मुले सन्मानाने परतणार आहेत. पण एकटेपण तेच असेल. तेवीस-चोवीस वर्षांचा, चार वर्षे शिस्तीत आणि समुद्रावर काढलेला तरुण अंदर मावळातल्या आपल्या घरी येईल, तेव्हा शासनाच्या नियमाने तो माजी सैनिक असो वा नसो, जुन्या नौसैनिकांनी त्याला आपल्या हजेरीपटावर घेतले पाहिजे. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही. लोणावळ्यात, तळेगावात, देहूरोडला, पिंपरी-चिंचवडला स्थायिक झालेले निवृत्त नौसैनिक थोडे नाहीत. तुकडीचे कुंपण बाजूला ठेवून त्यांनी मावळ तालुक्याची एकच यादी करावी: हयात कोण, दिवंगत कोण, दिवंगतांच्या घरी कोण आहे, आणि आता परतणारे कोण. कोणाला कारखान्यात फिटर म्हणून लावता येईल, कोणाला पुढे शिकवता येईल, हे चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात तीस वर्षे काढलेल्या जुन्या आर्टिफिसरइतके कोण जाणेल?

आणि संमेलनाचा एक दिवस तरी विश्रामगृहातून बाहेर काढावा. ४ डिसेंबरचा नौदल दिन वडगावला, महादजी शिंद्यांच्या स्मारकाजवळ किंवा एखाद्या माध्यमिक शाळेच्या पटांगणात व्हावा. भाषणे नकोत. नावे वाचावीत, आणि मग मुलांना विचारू द्यावे की तडा गेलेला बॉयलर पट्ट्यांनी कसा आवळतात. मुलांना असले प्रश्न फार पडतात, आणि उत्तर देऊ शकणारे अजून काही जण आपल्यात आहेत.