देणाऱ्याचा हिशेब

व्यापारी हिशेबी असतो म्हणून त्याचे हृदय कोरडे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. माझे मत थोडे निराळे आहे. पेढीवर पै-पैचा विचार करणारा माणूस दान देताना मात्र वही मिटून ठेवतो, हाच खरा दोष होय.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि त्सुनामीच्या लाटांनी निकोबार बेटे उद्ध्वस्त केली. त्या वेळी आम्ही काही शिक्षकांनी येथे कपडे गोळा केले. परिचयातील एका यंत्रमागवाल्यांनी गोदामात पडून असलेले गठ्ठे दिले. आम्ही कृतार्थ झालो. पुढे वाचनात आले की, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशाच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला बेवारस पडले होते. आमचे गठ्ठे कोठे पोहोचले, हे ना त्यांनी विचारले, ना आम्ही. विकलेल्या एका ताग्याची पोच मात्र ते आठ दिवसांत मागत!

निकोबारी माणसाचे अर्थकारण नारळावर उभे होते. सुके खोबरे द्यावे आणि तांदूळ, साखर, कापड घ्यावे, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. लाटांनी बागा नेल्या, खचलेली काही जमीन कायमची समुद्राखाली गेली. नारळाचे नवे रोप फळाला यावयास साधारण सहा-सात वर्षे लागतात. मदतीचा ओघ इतका काळ कोठे टिकतो? शिवाय तेथील बागा ‘तुहेत’ नावाच्या एकत्र कुटुंबांच्या मालकीच्या. भरपाईचा पैसा मात्र सुट्या कुटुंबांच्या हाती पडला आणि जुनी वीण उसवू लागली. हेतू निर्मळ होता, पण घेणाऱ्याचे घर पाहिले गेले नाही.

१६३० च्या सुमारास दख्खनेत घोर दुष्काळ पडला, तेव्हा शाहजहान आपल्या बऱ्हाणपुरातच होता. त्याने येथे लंगर उघडले आणि शेतसाऱ्यातही सूट दिली. ते सारे त्या संकटापुढे अपुरेच ठरले. तरीही लंगर आजच्या भुकेसाठी आणि सूट उद्याच्या पेरणीसाठी, हा भेद त्यात होता.

हा भेद आपल्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवावयास नको. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचे दुकान पुरात बुडाले, तर आपण त्याला जुने कपडे धाडीत नाही. त्याला विचारून नवा माल उधार देतो, वसुलीची मुदत वाढवतो आणि त्याचे दुकान पुन्हा उघडण्याची वाट पाहतो. दूरच्या बेटावरील माणसालाही हीच वागणूक हवी. पहिल्या आठवड्यात अन्न, पाणी, औषध. त्यानंतर त्याच्या मालाला रास्त भाव आणि त्याच्या झाडाच्या वयाला पुरेल एवढी मुदत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी गठ्ठा बांधण्यापूर्वी आपण एक पत्र लिहू या. त्यात एकच ओळ पुरे : आपणांस काय हवे आहे?