लिहिलेलें आणि राखलेलें

संगणकावर लिहिलेला मजकूर नाहींसा झाला अशी तक्रार कोणी केली कीं, ऐकणाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सेव्ह केलें नव्हतें काय?" हा प्रश्न सहानुभूतीचा दिसतो, पण वस्तुतः तो निवाडा आहे. लेखक दोषी, यंत्र निर्दोष, खटला निकालांत! हा निवाडा अन्यायाचा आहे. आणि आपण सुशिक्षितांनीं तो निमूटपणें मान्य केला आहे, हें त्याहून वाईट.

लिहिणें आणि राखणें हीं दोन निराळीं कामें कधींच नव्हतीं. बोरूची शाई वाळली कीं लेखन राहिलें. १७५० ते १७६१ या काळांतील मराठ्यांचीं राजकीय पत्रें राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलीं; तोंपर्यंत तीं जुन्या दप्तरांत पडून होतीं. त्या पत्रांच्या लेखकांपैकीं एकानेंहि 'आतां हें राख' अशी वेगळी आज्ञा कागदाला दिली नव्हती. कागदाला शत्रु नसतात असें नव्हे. कार्लाइलनें फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या भागाचें हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल यास वाचावयास दिलें होतें. ती एकुलती एक प्रत १८३५ सालीं जळून गेली आणि बिचाऱ्यास सारा भाग पुन्हां लिहावा लागला. परंतु ती प्रत विस्तवानें खाल्ली. कागद आपल्या अंगावरचीं अक्षरें आपण होऊन विसरला नाहीं. तो गुण यंत्राचा.

हें कां घडतें? आपण कळफलकावर उमटविलेलीं अक्षरें प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत राहतात, आणि वीज गेली कीं ती स्मृति पुसली जाते. मजकूर डिस्कवर उतरला म्हणजेच तो टिकतो. 'वर्ड' हा कार्यक्रम १९८३ सालीं निघाला तेव्हां फ्लॉपी डिस्कची गति फार मंद होती. अक्षरागणिक तिच्यावर लिहिणें परवडण्यासारखें नव्हतें. राखण्याची वेगळी आज्ञा त्या काळापुरती क्षम्य होती. पण तेव्हांहि दुसरा मार्ग अज्ञात नव्हता. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत 'ब्राव्हो' नांवाचा लेखनाचा कार्यक्रम तयार झाला. लेखकानें जें जें केलें त्याची तो नोंद ठेवीत असे, आणि यंत्र मध्येंच बंद पडल्यास ती नोंद पुन्हां चालवून मजकूर उभा करतां येई. त्याच्या कर्त्यांपैकीं चार्ल्स सिमोनी पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें गेले, आणि 'वर्ड' त्यांच्याच देखरेखीखालीं घडला. म्हणजे विद्या घरांतच होती.

आणि आज? स्वतःच्या संगणकावर लिहिणाराच्या मजकुराची एक आपत्कालीन प्रत 'वर्ड' दर दहा मिनिटांनीं काढून ठेवतो. निदान मूळची योजना तशी आहे. ती प्रत हवी असल्यास 'फाइल' उघडावें, तेथून 'इन्फो'त जावें, 'मॅनेज डॉक्युमेंट' दाबावें, आणि मग 'रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स' ही ओळ शोधावी. बुडणाऱ्यासाठीं ठेवलेला दोर तीन कुलपांआड ठेवण्यांतला हा प्रकार आहे! शिवाय शेवटच्या दहा मिनिटांत सुचलेला परिच्छेद त्या प्रतींत नसेल तो नसेलच. लिहितां लिहितां आपोआप राखण्याची सोय 'वर्ड'मध्यें नाहीं असें नव्हे. पण मजकूर कंपनीच्या दूरस्थ कोठारांत ठेवाल तरच ती मिळते. आपल्या घरांत राहाल तर सुरक्षितता नाहीं, आमच्या वाड्यांत राहावयास आलांत तर आहे, या बोलण्यास सोय म्हणावें कीं अडवणूक, हें वाचकांनींच ठरवावें.

कोणी म्हणतील, घडोघडी दोन कळा दाबण्याची संवय लावून घ्या, म्हणजे झालें. संवय चांगली आहे आणि आम्ही ती विद्यार्थ्यांस सांगतोंहि. पण या उपदेशांतील विसंगति पाहा. लेखक जितका तल्लीन, तितका तो कळा दाबावयास विसरणार. म्हणजे ज्या एकाग्रतेवांचून लेखन होतच नाहीं, नेमकी तिलाच हें साधन शिक्षा करतें. अर्धवट लक्षानें लिहिणाराचें सगळें शाबूत, आणि मनापासून लिहिणाराचें पान कोरें!

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. न राखण्यांतहि स्वातंत्र्य आहे; वाटेल तें लिहून पाहावें आणि न आवडल्यास टाकून द्यावें, तें आपोआप राखलें गेलें तर हें कसें व्हावें? याचें उत्तर असें कीं, प्रत्येक पायरीची जुनी आवृत्ति राखून ठेवावी. गुगल डॉक्समध्यें ही व्यवस्था आहेच. टाकून देण्याचा हक्क लेखकाचा आहे. पण त्याच्या वतीनें टाकून देण्याचा हक्क विजेस कोणीं दिला?

हा वाद कांहीं चैनीच्या वस्तूविषयीं नाहीं. सत्तरी ओलांडलेली एखादी आजी नातवाकडून टंकलेखन शिकून एक एक अक्षर शोधीत आपल्या माहेरच्या आठवणी लिहिते. तिचीं चार पानें गेलीं तर ती कार्लाइलप्रमाणें पुन्हां बसेलच असें नाहीं. बहुधा ती म्हणेल, "जाऊं द्या, मला हें जमायचें नाहीं." गेलीं तीं केवळ चार पानें नव्हेत, त्यांमागून येणारीं चारशें पानेंहि गेलीं.

तोंवर शहाण्यानें पहिलें वाक्य लिहिण्यापूर्वींच कोऱ्या पानाला नांव देऊन तें राखून ठेवावें, आणि आपत्कालीन प्रतीची मुदत दहा मिनिटांवरून एका मिनिटावर आणावी. पण ही स्वसंरक्षणाची तजवीज झाली, न्याय नव्हे. न्याय एवढाच कीं, लिहिलेलें तें राखलेलें असावें, आणि त्यासाठीं लेखकास आपलें घर सोडावें लागूं नये. आणि यापुढें कोणाचा मजकूर गेल्याचें ऐकलें, तर "सेव्ह केलें नव्हतें काय?" हा प्रश्न त्या लेखकास नव्हे, यंत्र घडविणारास विचारावा.