चष्मा मुलाच्या मापाचा

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना तिरुवलंचुळी हे श्वेतविनायकाचे गाव लागते. पुढे तंजावरात दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या गेल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आढळल्या. दोनशे वर्षांपूर्वी दरबाराने डोळ्यांची एवढी आस्था बाळगली. आज मात्र मुलाला चष्मा लागला की घरात सुतकी चेहरे होतात, आणि मुलगी असेल तर दुसरीतच तिच्या लग्नाची चिंता सुरू होते! हे सर्वस्वी अन्याय्य आहे.

मूल तक्रार करीत नाही; अंधुक दिसणेच त्याला स्वाभाविक वाटते. फळ्यावरचे चुकीचे उतरवले की ते 'ढ' ठरते. सदरा वाढत्या अंगाचा चालतो, चष्मा नव्हे. सैल चौकट नाकावरून घसरते आणि नजर भिंगाच्या मध्यातून न जाता त्याच्या वरून जाते. भिंग काचेचे नको, पॉलिकार्बोनेटचे असावे. ते सहसा फुटत नाही. रंग मात्र मुलालाच निवडू द्यावा, कारण नावडता चष्मा दप्तरातच राहतो. भिंगावर ओरखडे पडतात ते बहुधा सदऱ्याच्या टोकाने कोरडेच पुसल्यामुळे. आधी पाण्याने धुवावे, मग मऊ सुती कापडाने टिपावे. नंबर दरवर्षी तपासावा. वाढत्या वयात तो बदलतो.