चौक सजला, आता माणसे परतावीत

मॉस्कोच्या लाल चौकावरून नाव पडलेल्या श्रीनगरच्या लाल चौकाने दीर्घकाळ हरताळ आणि बंदुकांचा पहाराच पाहिला. २६ जानेवारी १९९२ रोजी तेथे तिरंगा फडकविण्यासाठी डॉ. मुरलीमनोहर जोशी यांना कडेकोट बंदोबस्तात जावे लागले होते. त्याच चौकातील घंटाघराला २०२३ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून नवे रूप मिळाले. ३१ डिसेंबरच्या रात्री तेथे नववर्षाच्या स्वागतासाठी गर्दी लोटली. हे परिवर्तन स्वागतार्हच आहे. जेथे सामान्य माणूस निर्भयपणे रेंगाळतो, तेथे फुटीरतेचे बळ ओसरते.

परंतु रोषणाईने भुलून जाता कामा नये. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली, तेव्हा या शांततेचे कच्चेपण उघड झाले. चौकाची खरी कसोटी एखाद्या साध्या दिवशीच लागेल. १९९० मध्ये घरदार सोडावे लागलेले पंडित कुटुंब श्रीनगरचे रहिवासी म्हणून सायंकाळी तेथे निर्धास्त बसेल आणि शेजारचा मुसलमान दुकानदार आपुलकीने त्याची विचारपूस करील, तेव्हाच लाल चौक सजला असे म्हणता येईल. त्यासाठी घर, रोजगार आणि संरक्षण यांची तजवीज शासनाने तितक्याच तत्परतेने केली पाहिजे.