तीन भिंतींचे घर

घर म्हटले की चार भिंती आल्याच, असे आपण धरून चालतो. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या रश्टन गावाजवळ मात्र तीनच भिंतींचे एक घर उभे आहे. सर थॉमस ट्रेशम या जमीनदाराने ते 1593 ते 1597 या काळात बांधले. निमित्त साधे होते. त्याच्या जहागिरीतल्या सशांच्या रखवालदारासाठी जागा हवी होती. मांस आणि कातडे विकून सशांवर तेव्हा बरी कमाई होत असे.

पण सशांच्या राखणीसाठी एवढा खटाटोप कोण करतो? प्रत्येक भिंत 33 फूट 4 इंचांची, म्हणजे शंभर फुटांचा तिसरा हिस्सा. मजले तीन, प्रत्येक बाजूला टोकदार माथे तीन, खिडक्यांचे आकार तीन पाकळ्यांचे, धुराडेसुद्धा त्रिकोणी. फिकट आणि गडद दगडांचे पट्टे, आणि वरून फिरणारा लॅटिन मजकूर, बाजूला 33 अक्षरे मोजून! दारावर 5555 हा आकडा कोरला आहे. त्याच्या अर्थावर अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्याकडे दारावर 786 लिहिणाऱ्यांना हा शौक ओळखीचा वाटेल. (त्यावरचे उलेमांचे मतभेद हा वेगळा विषय.)

ट्रेशम कॅथलिक होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात त्या पंथाच्या उपासनेला बंदी होती. सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्याला 1581 च्या कायद्याने महिन्याला 20 पौंड दंड. त्याच वर्षी कॅम्पियन नावाच्या पाद्र्याला आसरा दिल्याच्या आरोपावरून ट्रेशमला पकडले, आणि पुढची बारा वर्षे कधी तुरुंगात, कधी नजरकैदेत गेली. सुटल्याबरोबर त्याने हे घर बांधायला घेतले. तीनचा आकडा त्याच्या त्रैक्याच्या श्रद्धेचा. शिवाय लॅटिनमध्ये तीनला 'ट्रेस' म्हणतात, त्यात त्याचे नावही आले. विचारलेच कोणी, तर हे सशांचे घर!

आमचा अकीदा तौहीदचा. त्रैक्याशी आमचे जुळणार नाही, हे वाचकांना सांगायला नको. तरीही इबादत लपवून करावी लागणाऱ्या माणसाची घुसमट आम्हाला त्या दगडांत दिसते.

कुटुंबाने मात्र याची मोठी किंमत मोजली. दंडांनी घर कर्जात बुडाले. 1605 च्या सप्टेंबरात ट्रेशम वारला. मुलगा फ्रान्सिस त्याच वर्षी पार्लमेंट उडवण्याच्या कटात सापडला आणि डिसेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच मेला. बापाने लिव्हडेन येथे काढलेली क्रूसाच्या आकाराची दुसरी इमारत अर्धीच राहिली. ती आजही छपराविना उभी आहे.

रश्टनचे घर मात्र शाबूत आहे. आत मधली खोली षट्कोनी, कोपऱ्यांत चिंचोळ्या त्रिकोणी खोल्या, त्यातल्याच एकीत गोल जिना. मालकाची श्रद्धा दगडात उतरली खरी, पण रखवालदाराच्या बायकोने खाट कुठे टाकली असेल, हा प्रश्न आमच्या घरातून आला आणि आम्हाला त्याचे उत्तर सापडलेले नाही.