पाठवणारा ओळखीचा, मजकूर कुणाचा?

सध्या आपल्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी एखादी 'महत्त्वाची सूचना' येते. काहींना ही करमणूक वाटते. म्हणून राईनपाड्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या या गावात, बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात मोबाइलवर फिरत होते. असा संदेश पुढे धाडणारा बहुधा काळजीपोटीच धाडतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. भल्या माणसाकडून आलेले आपण तपासत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याचे बंधन जाहीर केले. 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. यामुळे वेग कमी होतो, खरे-खोटे ठरत नाही. दोन बाणांची खूण म्हणजे मजकूर अनेक हातांतून गेला एवढेच. पण लोक ती 'सगळेच पाठवत आहेत, म्हणजे खरे' अशी वाचतात!

बँकेत खातेदार कितीही जुना असला तरी चेकवरची सही नमुना सहीशी ताडूनच पैसे देत असू. "अहो, मला ओळखत नाही का?" म्हणून लोक रागवायचे. ओळखत होतो, पण प्रश्न कागदाचा असे.

2023 च्या जुलैत क्रमांकात तारा असलेली पाचशेची नोट खोटी असल्याचा संदेश फिरला. रिझर्व्ह बँकेने लगेच खुलासा केला, की छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी दिलेल्या नोटेवर तारा असतो, आणि ही पद्धत 2006 पासूनची आहे. मूळ ठिकाणी पाहायला दोन मिनिटे पुरली असती.

आता रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. शोधात सर्वांत वर दिसणारे नाव मात्र पैसे भरून दिलेली जाहिरातही असू शकते.

'टोळी आली आहे' अशा संदेशाला असा पत्ता नसतो. तुलसी नगरात तो आला, तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारावे. ग्रुपवर टाकणे नंतरही जमते.