चोवीस तास बाई पाहिजे!

आमच्या पेपरच्या छोट्या जाहिरातींत ही हमखास असते: 'अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी 24 तास राहणारी बाई पाहिजे. प्रेमळ, प्रामाणिक.' (पेपरलाही त्याचे पैसे मिळतात, तेही सांगून टाकतो.) कारखान्यातल्या कामगाराला 1948 च्या कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालून दिली. या बाईचा आठवडा 168 तासांचा.

"अहो, रात्री झोपतेच की ती!" हे ठरलेलं उत्तर. झोपते म्हणजे काय, तर पलंगाशेजारी चटई टाकून. आजींचं डायपर बदलायचं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. आणि जखमा झाल्या की जाब तिलाच. सकाळी आजी विचारणार, "तू कोण? माझ्या पाटल्या कुठायत?" स्मृतिभ्रंशात पेशंट असे आरोप करतात, हे डॉक्टर घरच्यांना समजावतात. बाईला कोण समजावतं? उलट घरचेच हळूच तिची पिशवी चाचपून बघतात.

चार वर्षं जिला घास भरवला ती आजी गेली, की तिसऱ्या दिवशी ब्युरोचा फोन, "दुसरीकडे पेशंट आहे, जाता का?" रडायलाही सुट्टी नाही.

वर आपण म्हणणार, सेवेचं पुण्य मिळतं. पुण्यावर गॅस सिलिंडर येत नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून. आपल्याकडे त्याचं भाषांतर एकच: "बाई चिडचिडी आहे, बदलून द्या."

आणि घरातल्या कुणी अंगचटी केली तर? लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने घर हीसुद्धा कामाची जागा धरलीय, जिल्ह्यात स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं. प्रशासनाने ते कुठे लावलंय, मला तरी दिसलं नाही.

ब्युरोवाल्यांनो, कमिशन घेता ना? मग कागदावर लिहा: रात्रीला दुसरी बाई, आठवड्याला एक सुट्टी, पेशंट गेल्यावर चार दिवस पगारी. ज्या घरांना दुसरी बाई खरंच परवडत नाही, त्यांनी रात्री आळीपाळीने स्वतः आजींपाशी झोपावं.

या कामातल्या ताईंनी इनबॉक्समध्ये लिहा. नाव कुठेही येणार नाही.